गाण्यांच्या पाठी सायकलवरून : शेमस एनिस

कलेक्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जिल्हाधिकाऱ्याची कचेरी, बाहेर ताटकळणारी माणसे आणि आत शिक्क्यांचा खडखडाट उभा राहतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्यांत मात्र हा शब्द गेल्या शतकात अगदी निराळ्या माणसाला लावला गेला. हा कलेक्टर सायकलवरून यायचा. शेतसारा मागायचा नाही, गाणी मागायचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या शेजारी चुलीपाशी बसून तो शब्द नि शब्द वहीत उतरवून घ्यायचा. अशा कलेक्टरांत संगीताच्या बाबतीत सर्वांत नाव झाले ते शेमस एनिसचे. आमच्या एका प्राध्यापकांनी त्याच्या रोजनिशीचे इंग्रजी भाषांतर मला वाचायला दिले, तेव्हापासून हा माणूस माझ्या मनातून जात नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आयरिश गाण्यांवर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. पण त्याची गोष्ट नोकरी न मिळण्यापासून सुरू होते, आणि तो विषय आमच्या शाखेचाच आहे.

एनिसचा जन्म ५ मे १९१९ रोजी डब्लिनच्या उत्तरेस फिंगलस भागात जेम्सटाऊन येथे झाला. वडील सरकारी शेतकी खात्यात नोकरीला. पण त्यांचा जीव होता वाद्यात. १९०८ साली लंडनमधल्या एका गहाणवट दुकानात त्यांना एक पिशवी दिसली. तिच्यात एका जुन्या वाद्याचे सुटे तुकडे भरलेले होते. त्यांनी ती विकत घेतली. तुकडे निघाले डब्लिनच्या टॉमस स्ट्रीटवरील कॉइन नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात बनवलेल्या ‘इलन पाइप्स’चे. लष्करी बँडमध्ये तोंडाने फुंकायचा बॅगपाइप आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. हे वाद्य त्याचे आयरिश भावंड, पण यात हवा तोंडाने भरत नाहीत. एका कोपराखाली छोटा भाता असतो, तो दाबून दुसऱ्या बगलेतली पिशवी भरतात. ‘इलन’ म्हणजे कोपरच. वडिलांनी हे वाद्य जुळवून घेतले, स्पर्धांत बक्षिसे मिळवली, आणि घरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची बैठक नेहमीची झाली. आई मोनॅहन परगण्यातली, तीही व्हायोलिन आणि पियानो वाजवीत असे. मुलाचे शिक्षण आयरिश माध्यमाच्या शाळांतही झाले. इंग्रजी भोवती सगळीकडे होतीच; आयरिश त्याला शाळेने दिली.

इथे थोडे थांबून आयरिश भाषेची अवस्था सांगितली पाहिजे, नाही तर पुढची धडपड कशासाठी होती ते कळणार नाही. १८४५ पासून काही वर्षे आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. यांत सर्वांत जास्त भरडले गेले ते पश्चिमेकडचे गरीब आणि आयरिश बोलणारे लोक. उरलेल्यांना वाटू लागले की ही भाषा म्हणजेच दारिद्र्य. मुलाला अमेरिकेला जायचे असेल तर इंग्रजी हवी, घरच्या बोलीचा उपयोग काय, हा हिशेब घरोघर झाला. पुढे १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य आले, सरकारी कागदावर आयरिशला मान मिळाला, पण तोवर ती घरात बोलणारे लोक किनाऱ्यावरच्या थोड्या पट्ट्यांत उरले होते. गाणी होती ती या पट्ट्यांतल्या म्हाताऱ्या माणसांपाशी. छापील पुस्तकांत त्यांतली थोडीच आली होती.

शाळा संपल्यावर एनिस सरकारी कारकुनीच्या परीक्षेला बसला. नोकरी-विनिमय कचेरीतली जागा होती. यादीत त्याचे नाव इतके खाली आले की जागा मिळाली नाही. विशीतला तरुण, हाताला काम नाही. वर्गात अशा याद्या रोज पाहणाऱ्या आम्हा मुलांना या प्रसंगाचे वर्णन करून सांगायला नको. मला राहून राहून वाटते की वरची दहावीस मुले त्या दिवशी थोडी कमी हुशार निघाली असती तर शेमस एनिस आयुष्यभर बेकारांची नोंद करीत बसला असता, आणि हजारो गाणी नोंदीवाचून गेली असती.

वडिलांचे एक स्नेही कॉलम ओ लॉखलिन यांचा डब्लिनमध्ये ‘थ्री कँडल्स’ नावाचा छापखाना होता. त्यांनी १९३८ मध्ये त्याला कामावर घेतले. हे गृहस्थ स्वतः गाण्यांचे वेडे. रस्त्यावर गायल्या जाणाऱ्या इंग्रजी गाण्यांचा त्यांचा संग्रह १९३९ मध्ये निघाला. छापखान्यात एनिस सगळे काम शिकला, आणि त्यातच ऐकलेली चाल स्वरलिपीत नेमकी उतरवायची विद्याही त्याच्या हाताला बसली. चार वर्षांनी महायुद्धामुळे कागद मिळेना. आयर्लंड युद्धात नव्हते, पण टंचाईतून सुटलेले नव्हते. छापखान्यातली नोकरी गेली. ओ लॉखलिन यांनी त्याला आयरिश लोकसाहित्य आयोगाचे प्रमुख प्राध्यापक डेलार्गी यांच्याकडे नेले. हा आयोग १९३५ मध्ये सरकारने स्थापन केला होता. लोककथा लिहून घेणारी माणसे त्यांच्याकडे होती. संगीत जाणणारा पूर्ण वेळेचा माणूस हवा होता. एनिसला पेन, कागद, एक सायकल आणि आठवड्याला तीन पौंड पगार मिळाला. १९४२ च्या उन्हाळ्यात तो कॉनेमाराकडे निघाला. वय तेवीस.

कॉनेमारा हा गॉलवे परगण्याचा पश्चिम भाग. खडक, दलदल आणि समुद्र. शेती म्हणजे दगडी कुंपणांमधले हातरुमालाएवढे तुकडे. सरपण म्हणून दलदलीतली माती विटांसारखी कापून वाळवायची. इथल्या कार्ना गावाच्या परिसरात गाणी इतकी की आयोगाची माणसे तिकडे पुन्हापुन्हा जात. एनिसला तिथे ग्लिन्श्के नावाच्या वस्तीत कॉलम ओ कीआन नावाचा माणूस भेटला. थोडी शेती, थोडी मासेमारी करून पोट भरणारा, वय पन्नाशीच्या आसपास. या एकट्या माणसाकडून एनिसने गाणी आणि चाली मिळून २१२ चिजा उतरवून घेतल्या.

२१२ हा आकडा वाचताना सोपा वाटतो. पण त्यामागची पद्धत पाहावी. आयोगाकडे कथा नोंदवण्यासाठी मेणाच्या नळकांड्यांवर आवाज कोरणारे यंत्र होते, मात्र नळकांड्या महाग, म्हणून मजकूर कागदावर उतरला की मेण तासून तीच नळकांडी पुन्हा वापरीत. म्हणजे आवाज पुसून जाई, शब्द राहत. एनिसचे काम मुख्यतः कानावरच चाले. आधी गाण्याचे शब्द सावकाश लिहून घ्यायचे. मग चाल. चाल एका कडव्यावरून घेऊन भागत नाही, कारण या गायकीत प्रत्येक कडव्याला चाल थोडी वळते. शब्द लांब आला की स्वर पसरतो, मध्येच हरकत येते. आणि मग सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे लिहिलेले परत गायकालाच गाऊन दाखवायचे, नाही तर पत्र्याच्या बासरीवर वाजवून दाखवायचे. गायकाने मान डोलावली तर ठीक, नाही तर खोडून पुन्हा. मला या माणसाचे मोठेपण इथे दिसते. त्याच्यापेक्षा विद्वान संग्राहक आधी होऊन गेले होते, पण कित्येकांना भाषा येत नव्हती. चाल घेऊन शब्द सोडून देणारेही होते. एनिसने गरीब मच्छिमाराला परीक्षक केले आणि आपण परीक्षार्थी झाला.

तो कोरडा बसूनही राहत नसे. गवत वाळवायचे असेल तर दाताळे हातात घ्यायचा, होडी निघाली तर बरोबर जायचा. दिवसा लोक कामात असत, गाणी रात्री निघत. शिवाय गाणी मागणाऱ्याने द्यायचीही असतात. उंच, सडपातळ, लांबसडक बोटांचा हा तरुण रात्री पाइप्स वाजवी, गाणे म्हणे, गोष्ट सांगे. एका परगण्यात शिकलेले गाणे तो दुसऱ्या परगण्यात म्हणून दाखवी. ते ऐकून तिथल्या एखाद्याला आपल्या आजोबांचे विसरलेले कडवे आठवे. त्याला प्रत्येक भागाची आयरिश बोली त्या त्या ढंगाने बोलता येई. बेळगावच्या मराठी माणसाने धारवाडकडच्या माणसाशी धारवाडी कानडीत आणि मंगळूरकडच्याशी तिकडच्या कानडीत बोलावे, तसे हे होते. आमच्याकडे असे बोलणारे बाजारात सापडतात, विद्यापीठात कमी.

आयरिश भाषेत गाणे ‘गात’ नाहीत, ‘म्हणतात’; गायकाला विनंती करायची तर गाणे सांग अशा अर्थाचाच शब्दप्रयोग होतो. हे वाचून मी चकित झालो, कारण मराठीत आपण गाणे म्हणतोच, आणि कानडीतही ‘हाडु हेळु’ असेच आहे. त्यात अर्थ आहे. या जुन्या गायकीला ‘शॅन-नोस’, म्हणजे जुनी रीत, असे नाव आहे. साथीला वाद्य नाही, ठेका नाही. शब्द हेच मुख्य. गाण्याआधी गायक त्याची हकिगत सांगतो : हे कोणी रचले, कोण बुडाला होता, कोणाचे लग्न मोडले होते. हकिगतीशिवाय गाणे अर्धे. गाणे चालू असता शेजारी बसलेला माणूस गायकाचा हात धरून हलके हलके हलवीत राहतो. पुष्कळदा शेवटचे शब्द सुरात न म्हणता साध्या बोलण्यातच संपवतात, जणू माणूस गाण्यातून परत घरात आला.

गाणे एकाकडून दुसऱ्याकडे जाते ते असे, ऐकून. आई कामे करताना म्हणते, मुलगी ऐकते. पण त्यालाही रिवाज आहेत. एखादे गाणे अमक्याचे म्हणून गावात ओळखले जात असेल तर तो हजर असताना दुसरा ते म्हणत नाही. त्याच्या पश्चात, किंवा त्याने सांगितले तर. हा कॉपीराइटचा कायदा कुठे लिहिलेला नाही आणि कोणी मोडतही नाही. मग संग्राहकाने ते कागदावर नेले की गाणे कोणाचे? म्हणणाऱ्याचे, आयोगाचे, की आठवड्याला तीन पौंड घेणाऱ्या कलेक्टरचे? जमा-खर्चाच्या वहीत या व्यवहाराची नोंद कोणत्या बाजूला करायची ते मला ठरवता आलेले नाही. एवढे खरे की एनिसने प्रत्येक गाण्याबरोबर म्हणणाऱ्याचे नाव, गाव, आणि त्याने ते कोणाकडून घेतले हे लिहून ठेवले. आज कॉलम ओ कीआनचे नाव माझ्यासारख्या बेळगावच्या पोराला ठाऊक आहे ते त्यामुळे. आपल्याकडे साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवल्या त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण त्या ओव्या कोणत्या बाईने कोणत्या गावी म्हटल्या हे त्या छापील ओळींत सापडत नाही. माझ्या आजीच्या ओव्यांत मध्येच कानडी शब्द यायचे, माहेर कानडी मुलखातले म्हणून. आईला त्यांतल्या चारपाच येतात. सुरुवात नेमकी, शेवट अंदाजाने.

आयर्लंडमध्येही दोन भाषांची गाणी आहेत, एक ओळ आयरिश, एक ओळ इंग्रजी अशी. ज्याला दोन्ही भाषा येतात त्यालाच त्यातली गंमत कळते, कारण पुष्कळदा इंग्रजी ओळ सभ्यपणे बोलते आणि आयरिश ओळ तिची टिंगल करते. अशी गाणी आणि इतर शेकडो ज्यांच्यापाशी होती त्या एलिझाबेथ क्रोनिन, कॉर्क परगण्यातल्या बॅलिव्हर्नीच्या. जन्म १८७९. एनिसने १९४७ मध्ये त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला तेव्हा त्या अडुसष्टच्या आसपास होत्या. त्यांची गाणी काही आईकडून, काही शेतावर काम करणाऱ्या मोलकरणींकडून आलेली. मोलकरीण हंगाम संपला की निघून जाई, गाणे मालकिणीच्या घरी राही. गाण्यांचा प्रवास असा आडवळणाने होतो. त्यात कुळी, घराणी फारशी चालत नाहीत.

पाच वर्षांत एनिसने जवळजवळ २,००० गाणी आणि चाली जमवल्या. गॉलवे, मेयो, डोनेगॉल, क्लेअर, कॅव्हन असे परगणे पालथे घातले. १९४६-४७ च्या सुमारास त्याला स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर पाठवले. तिथली गेलिक भाषा आयरिशच्या जवळची, पण तीच नव्हे; मराठी माणसाला कोकणी जशी ओळखीची वाटते आणि तरी अडखळवते, तशी. ती त्याने थोड्या अवधीत आत्मसात केली आणि तिथलीही गाणी लिहून आणली.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये तो रेडिओ एरन, म्हणजे आयरिश नभोवाणीत, बाहेरच्या ध्वनिमुद्रणाचा अधिकारी झाला. आता सायकलऐवजी यंत्रे बसवलेली गाडी. पाइपवादक विली क्लॅन्सीसारखे कलावंत त्याने नोंदवले. चित्र इथे पालटते. वहीतले गाणे वहीत राही. रेडिओवरचे गाणे शेजारच्या परगण्यात त्याच संध्याकाळी पोचू लागले. ज्या बाईला वाटत होते की आपली गाणी जुनाट, आपल्यामागे ती मातीत जाणार, तिचाच आवाज खोक्यातून येऊ लागला. गावात तिचा भाव वाढला असेल यात मला शंका नाही.

१९५१ मध्ये अमेरिकेहून अॅलन लोमॅक्स आयर्लंडमध्ये आला. लोकगीते ध्वनिमुद्रित करण्यात त्याचा जगात दबदबा होता. त्याला वाटाड्या एनिसच. त्याच साली एनिस लंडनला बी.बी.सी.त गेला. ब्रिटन आणि आयर्लंडमधली लोकगीते लोकांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करण्याची मोठी योजना तिथे चालू होत होती. त्यातून ‘अॅज आय रोव्हड आऊट’ हा कार्यक्रम १९५३ पासून १९५८ पर्यंत चालला. त्याची सुरुवात ज्या बाईच्या आवाजाने होई ती सारा मेकम, आर्मा परगण्यातल्या कीडी गावची. तिच्या स्वयंपाकघरातली गाणी तिचा मुलगा टॉमी घेऊन १९५५ मध्ये अमेरिकेस गेला आणि पुढे क्लॅन्सी बंधूंबरोबर न्यूयॉर्कच्या मंचांवर गायला. तिथून ती तबकड्यांवर चढली, आणि आयर्लंडमधल्या शहरी मुलांनी ती अमेरिकन तबकड्यांवरून पुन्हा शिकून घेतली. आईचे गाणे मुलाकडे, मुलाचे अनोळख्या हजारांकडे. जुन्या रीतीच्या गायकांना यात सगळेच आवडले असेल असे नाही. गिटारीच्या ठेक्यात बसवले की कडव्याकडव्याला वळणारी चाल सरळ होऊन जाते. पण सरळ झालेले का होईना, गाणे लोकांच्या तोंडी राहिले.

१९५८ मध्ये बी.बी.सी.चा करार संपला तो नवा झाला नाही. १९५२ मध्ये लग्न झाले होते, दोन मुले होती. ते लग्नही टिकले नाही. मुलगी कॅथरीन पुढे लंडनमध्ये ऑर्गनवादक म्हणून नावाजली. एनिस आयर्लंडला परतला आणि त्यानंतर कायमची म्हणावी अशी नोकरी त्याने पाहिली नाही. कार्यक्रम, रेडिओवरची कामे, मित्रांच्या घरी मुक्काम असे चालले. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात तो वाजवून आला. १९६८ मध्ये पाइपवादकांची संघटना निघाली तेव्हा जुन्या जाणत्यांत तो होता. पूर्वी तो ज्यांच्या दारी जात असे तसा आता तरुण त्याच्याकडे येऊ लागले. त्यांत लिअम ओ’फ्लिन हा एक. दोघे काही काळ एकाच घरात राहिले. शिकवणी म्हणावी असे त्यात काही नव्हते. एकत्र राहायचे, ऐकायचे, विचारले तर सांगायचे.

१९७५ मध्ये त्याने डब्लिनच्या उत्तरेस नॉल गावी थोडी जमीन घेतली. वडिलांकडचे आजोबा-आजी त्याच भागातले. जमिनीवर बांधलेले घर नाही, चाकांवरचे तयार घर आणून ठेवले आणि त्याला एका जुन्या संथ चालीचे नाव दिले, ‘ईस्टर स्नो’. तिथेच ५ ऑक्टोबर १९८२ रोजी, त्रेसष्टाव्या वर्षी, आजारपणात त्याचा अंत झाला. नॉल येथे २००१ पासून त्याच्या नावाचे कलाकेंद्र आहे.

त्याच्या वह्या डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लोकसाहित्य संग्रहात आहेत. कॉनेमारातल्या दिवसांची रोजनिशी मूळ आयरिशमध्ये २००७ साली छापून निघाली, इंग्रजीत २००९ साली. इंग्रजी पुस्तकाचे नाव विहिरीवर पाण्याला जाण्याचे आहे. आणि लंडनच्या गहाणवट दुकानातून पिशवीत भरून आलेले ते पाइप्स एनिसने लिअम ओ’फ्लिनला देऊन ठेवले होते. ओ’फ्लिनने ते २०१८ साली मरेपर्यंत आपल्यापाशी जपले.